सांजवातीचा आकडा

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. ते दुकानात आपोआप साचतात, कपाटामागे धूळ साचते तसे. रोज झाडू मारला तरी एक दिवस कपाट सरकवावं लागतं आणि मग वाटतं, एवढं कधी झालं?

आमचं दुकान रत्नागिरीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. मिक्सर, इस्त्री, पाण्याचे फिल्टर, जे येईल ते दुरुस्त करतो. दुकान नानांचं. नाना पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे आणि अजूनही कुठलंही यंत्र समोर आलं की आधी कानाला लावून बघतात. काउंटर आणि फोन शबानाकडे. आणि स्कूटर घेऊन घरोघरी जाणारी मी, सुनीता. आयटीआय झाल्यापासून हेच करतेय. अजूनही दार उघडणारा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "मेकॅनिक मागून येतायत का?" पूर्वी राग यायचा. हल्ली मी "हो, येतायत" म्हणते, काम करते आणि निघून येते.

गेली दोन-तीन वर्षं एका कंपनीचं घरातली हवा मोजायचं यंत्र आमच्या गळ्यात पडलंय. जिल्ह्यात त्याचे सर्व्हिसवाले आम्हीच. यंत्र दिसायला गजराच्या घड्याळाएवढं. आत एक बारीक पंखा असतो, तो हवा ओढतो. त्या हवेवर लेझरचा उजेड पडतो, धुळीचा, धुराचा कण चमकला की सेन्सर तो मोजतो आणि समोर आकडा दाखवतो. आकडा लहान असला तर हिरवा, मोठा झाला की लाल. तोच आकडा फोनवरही दिसतो, जगात कुठेही बसा. विकत घेतात मुंबई-पुण्यातली मुलं, लावतात गावातल्या आईवडिलांच्या घरी, आणि बिघडलं की फोन येतो मला.

बहुतेकदा सेन्सर बिघडतो म्हणजे माणसं थोडी वैतागतात, एवढंच. पण एका घरात या आकड्यापायी एका म्हाताऱ्या माणसावर खोटेपणाचा आळ आला, आणि त्याच्या कमरेची किल्ली जायची वेळ आली. ते सांगायचंच आहे. पण ते सांगताना मला अजून दमायला होतं, म्हणून आधी हलकेफुलके सांगते.

*

बर्वे बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. शहरातच राहतात. त्यांच्या मुलाची तक्रार आली, "आईच्या घरचा आकडा शून्याच्या वर जातच नाही. सेन्सर गेलाय."

मी गेले. यंत्र टीव्हीशेजारी होतं आणि त्याला कव्हर शिवलेलं होतं. साधंसुधं नाही. फुलाफुलांचं कापड, कडेला नाडी, खाली इलॅस्टिक, आणि आकडा दिसावा म्हणून पुढे प्लास्टिकची खिडकी. त्याच कापडाचं कव्हर टीव्हीला, मिक्सरला आणि शिवणयंत्रालाही होतं.

मी म्हटलं, "बाई, हे काढून ठेवा. याच्या आत हवा जायला हवी."

"हवा जाईल तशी धूळही जाईल ना."

"ते धूळच मोजतं, बाई."

बाईंनी माझ्याकडे तिसरीतल्या ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "नवीन वस्तू आहे. धूळ मोजायची म्हणून धुळीत ठेवायची का?"

मी वाद घातला नाही. शेवटी तडजोड झाली. रोज सकाळी घर झाडून, पुसून, सगळं स्वच्छ झालं की बाई थोडा वेळ कव्हर काढतात आणि मग पुन्हा घालतात. आकडा कायम उत्तम असतो. मुलगा तिकडे खूश आहे, आणि मीही काही बोलत नाही.

*

हेदवीचे एक आंबेवाले. भर पावसाळ्यात त्यांचा आकडा लाल झाला तो उतरेचना. त्यांनी आम्हाला फोन करण्याऐवजी थेट कंपनीच्या सपोर्टला केला. सपोर्ट पुण्यात बसतो. तिथला मुलगा फार नम्र आहे, पण समोर जे लिहून दिलेलं असतं तेच वाचतो.

तो म्हणाला, "सर, यंत्र बाहेर मोकळ्या हवेत ठेवा आणि आकडा सांगा."

बाहेर धुकं उतरलेलं. दोरीवरचे कपडे दिवसचे दिवस ओले. या असल्या सेन्सरला पाण्याचा बारीक थेंब आणि धुळीचा कण यातला फरक कळत नाही. ओसरीवर ठेवल्या ठेवल्या आकडा असा चढला की तीन आकडी झाला.

सपोर्टवाला म्हणाला, "सर, तुमच्या परिसरात प्रदूषण खूप आहे. खिडक्या बंद ठेवा."

मग मात्र त्यांनी आमच्याकडे फोन केला. शबानानं उचलला. तो माणूस चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. "मना पुण्यातला पोरगा सांगतो खिडकी बंद करा. आमच्या खिडकीतनं समुद्र दिसतो. त्याच्या खिडकीतनं काय दिसतं, तेवढं इचारा त्याला."

शबाना शब्दाची पक्की. तिनं त्याच दिवशी सपोर्टला फोन लावला आणि खरंच विचारलं.

तिकडून तो मुलगा म्हणाला, "मॅम, मी बसतो तिथे खिडकी नाहीये."

*

सेन्सर तपासायचा म्हणजे त्याला काहीतरी मोजायला द्यायला लागतं. कंपनीनं त्यासाठी काही पाठवलेलं नाही. तेव्हा नानांनी उपाय काढला, उदबत्ती. यंत्रासमोर उदबत्ती लावायची. आकडा चढला आणि विझवल्यावर उतरला, तर सेन्सर चांगला. चढलाच नाही तर आंधळा झाला. कंपनीच्या पुस्तकात याला जागा नाही, पण आजवर हिनं दगा दिलेला नाही.

त्यामुळे आमच्या कामाच्या टेबलावर कायम एक उदबत्तीचं घर, समोर यंत्र, यंत्रावर हिरवा उजेड. दुकानात चंदनाचा घमघमाट. मी घरी गेले की नवरा विचारतो, "आज कुणाकडे पूजा?" मी सांगायचं सोडून दिलंय.

एकदा एक गृहस्थ इस्त्री घेऊन आले. दाराशीच थबकले, चपला बाहेर काढल्या, आत येऊन टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. डोळे मिटून नमस्कार झाल्यावर नानांना हळूच विचारलं, "कुठल्या देवाचं?"

नानांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. मान वर न करता म्हणाले, "अजून कळलं नाही. उघडून बघतोय."

*

आता ते घर.

गाव संगमेश्वरपासून बरंच आत. घर विलासरावांचं. ते मुंबईत नोकरीला, राहायला ठाण्याला. भाऊबंदही सगळे तिकडेच. गावचं घर वर्षभर बंद, उघडतं गणपतीला आणि शिमग्याला. पण घर बंद असलं तरी देवघरात रोज सांजवात लागली पाहिजे, ही त्यांच्या घरची रीत. ते काम सीतारामतात्यांचं. तात्या म्हणजे विलासरावांचे चुलते, शेजारच्याच घरात राहतात. दिवेलागणीला कमरेची किल्ली काढायची, कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, देवाला आणि विलासरावांच्या वडिलांच्या फोटोला नमस्कार करायचा आणि पुन्हा कुलूप. मोठा भाऊ गेला तेव्हापासून तात्यांनी यात खंड पडू दिलेला नाही.

उन्हाळ्यात विलासरावांची आई हवापालटाला गावी राहून गेली. तिला दम्याचा त्रास, म्हणून यंत्र आणलेलं. जाताना ते देवघरातल्या फळीवर तसंच चालू राहिलं. वायफायही चालू होतं, घरातनं नोकरी करायची वेळ आली होती तेव्हा घेतलेलं.

मुंबईला गेल्यावर विलासरावांच्या लक्षात आलं, की दिवसभर आकडा आडवा झोपलेला असतो आणि संध्याकाळी नेमका एकदा उभा राहतो. तात्या दिवा लावतात तेव्हा. त्यांनी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "गावी दिवा लागला."

मग ते रोजचंच झालं. आकडा चढला की ग्रुपवर हात जोडलेली चित्रं. कुणी ऑफिसातून, कुणी लिफ्टमधून, कुणी आखातातून. विलासरावांची आई तर फोन देव्हाऱ्यापुढे धरायची म्हणे. आपलं घर तिकडे अंधारात नाही, हे सगळ्यांना रोज कळत होतं. विलासरावांनी हे मला फोनवर दोन-दोनदा सांगितलं. मलाही ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग एक दिवस आकडा उठलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला.

त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, लावतो की रोज. पण आकडा तसं म्हणत नव्हता. ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. तात्यांचं वय झालं, पाऊस आहे, कंटाळले असतील, पण मग खोटं कशाला बोलावं? कुणीतरी लिहिलं, गणपतीला सगळे जमतील तेव्हा किल्ली भावकीत दुसऱ्या कुणाला देऊन टाकू.

विलासरावांनी दुकानात फोन केला. शबानाला म्हणाले, "मशीन बिघडलंय की तात्या, तेवढं बघून सांगा."

शबानानं फोन ठेवला आणि मला विचारलं, "सुनीताताई, कंप्लेंटमध्ये काय टाकू? सेन्सर, की तात्या?"

*

मी पावसातच गेले. तात्या सत्तरीच्या पुढचे, काटक, डोक्यावर घोंगडीची खोळ. त्यांनी कुलूप उघडलं, मला आत घेतलं आणि स्वतः उंबऱ्यापाशीच उभे राहिले. म्हणाले, "तू बघ बाय. मी हात लावायचा नाय. उद्या म्हन्तील, तात्यानं मोडलान."

यंत्र उचललं तेव्हाच ते जड लागलं. मागची जाळी दिसतच नव्हती. कुंभारणीनं, त्या मातीचं घर करणाऱ्या माशीनं, हवा जायचं भोक चिखलानं लिंपून टाकलेलं. अगदी बोटानं सारवल्यासारखं. आत पंख्यापर्यंत माती गेलेली, काचेवर माती. तो सेन्सर आता आयुष्यात काही मोजणार नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी तात्यांना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं. "कुंभारीण हाय ती. भोक दिसलं का घर बांधते." मग जरा थांबून म्हणाले, "मग विलासला सांग हां. सांग, माणूस खोटा नाय."

मी फोटो काढून पाठवले. विलासरावांचा अंगठा आला. मी यंत्र पिशवीत भरलं, तात्यांच्या घरचा चहा घेतला आणि निघणार, तेवढ्यात विलासरावांचा फोन.

"मॅडम, एक विचारू? कुंभारीण घर करते ती जिथे माणसाचा वावर नसतो तिथेच ना? रोज कुणी देवघरात जात असतं, तर ती तिथे बसली असती का?"

तात्या समोरच होते, चहाचा कप घेऊन. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मला स्कूटर चालू करायचंही जिवावर आलं होतं.

*

नवीन सेन्सर मागवला. पुण्याच्या सपोर्टवाल्या मुलानं त्याच्या स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाला, "मॅम, तुमच्याकडून डेटा येत होता. डेटा येतो म्हणजे सेन्सर चालू आहे."

मी म्हटलं, "चालू आहे. पण आंधळा आहे. आत चिखल भरलाय."

"मॅम, तसा ऑप्शन नाहीये."

"काय काय ऑप्शन आहेत?"

त्यानं वाचून दाखवले. पडला, पाण्यात बुडाला, जळाला, इतर. शबाना पलीकडून म्हणाली, "ताई, बुडाला म्हण. नाहीतरी पाऊसच आहे." मी 'इतर' म्हटलं. मग 'इतर'साठी वरच्या साहेबांची परवानगी, साहेब रजेवर, असं करत सेन्सर यायला श्रावण उजाडला. तेवढे दिवस तिकडे आकडा नाही, ग्रुपवर हात जोडणं नाही, आणि तात्यांशी धड कुणी बोलत नाही.

सेन्सर आला तशी मी पुन्हा गेले. बसवला. आमच्या रीतीप्रमाणे समोर उदबत्ती लावली आणि आकडा झरझर चढला. मुंबईत विलासराव फोन घेऊन बसलेलेच होते. "चढला, चढला," ओरडले. मला उगाच वाटलं, संपलं एकदाचं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आकडा चढायला लागला. ग्रुपवर पुन्हा हात जोडले गेले. मी जरा निर्धास्त झाले. आणि मग विलासरावांनीच मला ग्रुपवरचा कुणाचा तरी मेसेज पाठवला, काहीतरी गंमत म्हणून. त्यात लिहिलं होतं, "नवा सेन्सर लावल्यावर तात्या सुधारले."

नानांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

*

दोन आठवडे गेले असतील. आकडा पुन्हा झोपला.

आता विलासरावांचा आवाज थंड होता. "मॅडम, सेन्सर नवा आहे. तुम्हीच बसवलात. आता काय कारण सांगणार?"

मी ठरवलं, दिवेलागणीपर्यंत तिथेच बसायचं आणि डोळ्यांनी बघायचं. घरी सांगून गेले की उशीर होईल.

तात्या वेळेवर आले. पाय धुतलेले, धोतर बदललेलं. कुलूप काढलं. समईत तेल घातलं, वात पुढे ओढली, काडी लावली. ज्योत स्थिर, उभी. देवाला नमस्कार केला. मग भावाच्या फोटोसमोर थोडे जास्त वेळ थांबले. त्यांच्या डोक्यावर फळीवर ते यंत्र, हिरवं, आणि आकडा तसूभर हलला नाही.

मी एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा यंत्राकडे. चांगल्या तेलाचा दिवा, नीट वात, धूर कुठे होता? यंत्रानं मोजायचं काय?

"तात्या, उदबत्ती नाही लावत?"

"विलासची आई उन्हाळ्यात पुडा ठेवून गेली व्हती. त्यातली लावत व्हतो रोज एक. तो सरला. मग तू मशीन बसवून गेलीस तवा तुझा पुडा हितं ऱ्हायला. म्हटलं बाय इसारली, देवाच्या कामी लागंल. तो पन सरला."

मला हसावं की रडावं कळेना. मी तिथूनच विलासरावांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं समजावून सांगितलं. दिवा रोज लागतो, माझ्यासमोर लागलाय, तेवतोय. यंत्राला फक्त धूर कळतो, उजेड कळत नाही. तुम्ही इतके दिवस नमस्कार करत होतात तो उदबत्तीला.

विलासराव म्हणाले, "असं आहे होय. मग तात्या, उदबत्तीपण लावत जा ना रोज. पुडे पाठवून देतो. म्हणजे आम्हाला कळतं."

ते वाईट हेतूनं नव्हते बोलले. सुटल्यासारखे बोलले. पण तात्यांचा चेहरा मी बघत होते.

"कळतं," तात्या म्हणाले. "मी तुमाला सांगितलं की लावतो, तवा नाय कळलं. आता धूर बघून कळतं."

"तसं नाही हो तात्या..."

"दिवा देवासाठी लावतो मी. तुमच्या फोनासाठी नाय लावत." त्यांनी कमरेची किल्ली सोडवली आणि माझ्या समोर धरली. "घे बाय. ज्याचा धूर दिसंल, त्याला दे."

मी हात मागे घेतले. म्हटलं, "तात्या, मी सर्व्हिसवाली. मी ही घेऊन कुठे जाऊ?" त्यांनी किल्ली समईशेजारी ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. फोन चालूच होता. विलासराव "हॅलो, हॅलो" करत होते. मी फोन बंद केला. मागून काकी आल्या, तात्यांच्या बायको. त्यांनी पदरानं डोळे पुसले, दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली चोळीत ठेवली.

परतीच्या वाटेवर मी स्वतःवरच चिडले होते. सेन्सर तर नीट केला होता मी. पण मला काहीच नीट केल्यासारखं वाटत नव्हतं. पुढे गणपतीपर्यंत तिथे दिवा कोण लावत होतं, मला ठाऊक नाही. आकड्याकडे बघून कळणार नव्हतंच.

*

गौरी-गणपती झाले. विसर्जनानंतर एका सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. विलासराव उतरले आणि मागून तात्या, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. विलासरावांच्या हातात ते यंत्र होतं.

नानांनी स्टूल पुढे केलं. तात्या बसले. विलासराव उभेच राहिले. ते मला म्हणाले, "मॅडम, मी चुकलो. आई सगळ्यांसमोर मला बोल बोल बोलली. आरतीला तात्या आलेच नव्हते, मग मी जाऊन पाय धरले." ते जरा हसले, पण ते काही हसणं नव्हतं. "किल्ली घ्यायला तयार आहेत. पण अट आहे."

तात्या शांतपणे म्हणाले, "अट कसली? मशीन चांगलं हाय. उगा हितं पडून ऱ्हायलंय. ठान्याला न्यायचं नि तिकडच्या देव्हाऱ्यापाशी लावायचं. देव तर तिकडं पन हायत आपले."

"आणि?" शबानानं विचारलं.

तात्यांनी खिशातून फोन काढला. विलासरावांनी दिलेला, त्यांचा जुना. "नि आकडा ह्याच्यात दिसला पायजे. ते तू करून दे."

शबानानं माझ्याकडे बघितलं. मी विलासरावांकडे. त्यांनी मान डोलावली. "द्या करून. आमच्याकडे रोज लागतो दिवा. उदबत्तीसकट. बघू देत की त्यांना, बरंच वाटेल."

शबानानं ते ॲप तात्यांच्या फोनमध्ये टाकलं, अक्षरं मोठी करून दिली आणि आकडा कुठे बघायचा ते दोनदा दाखवलं. तात्यांनी किल्ली कमरेला नीट खोवली, फोन सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. नाना म्हणाले, "मिटलं." मलाही तसंच वाटलं. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी दुपारी डबा सावकाश खाल्ला.

*

दसरा होऊन गेल्यावर एकदा तात्यांचा फोन आला. शबानानं स्पीकरवर टाकला. नाना टेबलावरून मान वर करून ऐकायला लागले.

"बाय हाय काय? तिला सांग, मशीन बिघडलंय."

"कुठलं मशीन, तात्या?"

"ठान्याचं. मी रोज बघतो. सकाळी आकडा चढतो. दुपारी चढतो, खाली रस्ता हाय त्याची धूळ असंल. रात्रीला काय तळीत असतील, तवा तर लालच व्हतो. निस्ता सांजच्याला, दिवेलागनीला हलत नाय. गनपतीपास्न एकदा पन नाय."

शबानानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिनं हळूच विचारलं, "तात्या, विलासरावांना विचारलंत का?"

"त्याला कशाला इचारू?" तात्या म्हणाले. "रोज लावतो म्हनून त्यानं सांगितलान ना तुमच्यासमोर. मशीनच बिघडलं असंल. तेवढा सेन्सर बदलून द्या त्याला."